मामांच्या वाचनालयात माझी मुलगी

माझं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. चालू मोटारींवर आवाज चढवून चढवून माझा गळा असा तयार झालाय की मी नुसतं 'कसं काय?' विचारलं तरी समोरच्याला भांडण वाटतं. अशा बापाच्या पोटी ही लेक आली. आता सतरा वर्षांची आहे. डॉक्टर तिला स्वमग्न म्हणतात. गोंगाट झाला, कुणी अचानक नाव पुकारलं, की ती पार कोलमडते.

तिला एकच हवं होतं, पेठेतल्या वाचनालयातून पक्ष्यांवरचं पुस्तक स्वतः आणायचं. तिथं चिठ्ठीवर पुस्तकांचे क्रमांक लिहून द्यायचे. सापडेल ते घेऊन ग्रंथपाल नाव पुकारतात. त्यांना सगळे मामा म्हणतात.

मी आदल्या दिवशी जाऊन सांगून ठेवलं, "मामा, पोरगी जरा वेगळी हाय. मायेनं घ्या."

"ह्ये काय सांगाय लागतंय व्हय!"

आता कोल्हापूरकराला 'मायेनं घ्या' म्हटल्यावर दुसरं काय होणार? शनिवारी ती दारात दिसताच मामा गरजले, "ये की बाळ! लाजू नगंस!" पेपर वाचणारे म्हातारे उठले. एकानं चहा सांगितला, दुसऱ्यानं जोतिबाचा पेढा पुढं केला. आणि मी मधोमध उभा राहून, "अवो, तिला शांतता लागती!" असं सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होतो. पोरीनं कान झाकले आणि चपला दारातच टाकून अनवाणीच घर गाठलं.

दोन शनिवार ती गेली नाही.

"तिला काय पायजे, त्ये तिला इचारलंसा का कधी?" बायको म्हणाली.

सतरा वर्षांत सुचलं नव्हतं. विचारलं. तिनं वहीचं पान फाडून लिहून दिलं: नाव पुकारू नका. पुस्तक टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवा. काय वाचतेस, विचारू नका. पप्पांना बाहेर बसवा.

शेवटची ओळ फाडून टाकावी असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण पान तसंच दिलं. मामांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं.

पुढच्या शनिवारी मामा दारातच आडवे आले. "पावणं, तुमी हितंच बसा." वीस वर्षांचा सभासद मी, आणि पावणं! बसलो पायरीवर. खिडकीतून दिसत होतं. म्हातारे पेपर तोंडापुढं धरून गप्प. मामांनी पुस्तक कोपऱ्यावर ठेवलं, पाठ फिरवली आणि कपाट पुसायला घेतलं. लेकीनं पुस्तक चाळलं, परत ठेवलं. मी पायरीवरनं अर्धा उठलो. मग तिनं चिठ्ठीवर दुसरा क्रमांक लिहिला. मामांनी मुकाट्यानं पुस्तक बदलून दिलं.

ते घेऊन ती तिथंच खुर्चीत बसली. तासाभरानं मी खिडकीतून खुणेनं विचारलं, चलायचं का घरी?

एकदा बघून मान पुन्हा पुस्तकात घालत तिनं हातानंच सांगितलं, जा तुम्ही.

गेलो.