पुढचं टोक

नवरा लिफ्टवाला. दिवसभर लोकांच्या इमारतींतल्या अडकलेल्या लिफ्ट सोडवून कोपरापर्यंत काळा होऊन घरी यायचा, आणि सुट्टीच्या सकाळी स्वतःच्या गॅरेजातून कयाक उतरवायचा. कयाक म्हणजे वल्ह्यांची लांबुडकी, निमुळती बोट. यांची पिवळी, दोन सिटांची. गाडीच्या वर, छताला टांगलेली. ज्या दोन रुंद पट्ट्यांत ती पडून असायची ते पट्टे बायकोनं शिवलेले, भंगारातल्या सीटबेल्टचे. बायको कपडे अल्टर करून देणाऱ्या दुकानात मशीनवर बसायची. जाड शिवणीत तिचा हात कुणी धरू शकत नसे.

पाण्याशी मात्र तिचं वाकडं. नुसतं काठावर उभं राहिलं तरी डोकं गरगरायचं. त्यामुळे बोटीची पुढची सीट कायम रिकामी. वजनाला नवरा तिथं पाण्याचे कॅन ठेवायचा. बोटीतलं एकच काम बायकोच्या वाट्याला होतं. उतरवताना आणि चढवताना पुढचं टोक धरायचं.

"घेतलं?"

"घेतलं."

"सोडू?"

"सोडा. सावकाश."

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या दोघांत सकाळी सकाळी एवढं बोलणं होतं, हेच खूप होतं. तिला ते फार आवडायचं. पण तसं ती कधी बोलून दाखवायला गेली नाही, आणि तिथंच घोळ झाला.

कारण नणंद राहायला आली, दोन गल्ल्या सोडून. नवऱ्याची थोरली बहीण, रिटायर झालेली नर्स, एकटा जीव. आल्या आल्या तिनं पाण्याचे कॅन बाजूला सारले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. झालं. घरात जेवताना तेच. ताईचं वल्हं कसं पडतं, ताईला वारा कसा कळतो, ताई अजिबात घाबरत नाही.

"कॅनही घाबरत नव्हते," बायको म्हणाली. कुणी हसलं नाही.

तेवढंही तिनं गिळलं असतं. सीट काय, तिची नव्हतीच कधी. पण एक दिवस ताई खोक्यातून दोरखंड आणि कप्प्या घेऊन आल्या.

"बाळ्या, तुझी पाठ गेलीय कामातून. हे लाव छताला. दोऱ्या ओढल्या की बोट वर, सोडल्या की खाली."

बाळ्या म्हणजे लिफ्टवालाच. लहान मुलाला खेळणं मिळावं तसा उजळला. संध्याकाळपर्यंत पट्टे निघाले, कप्प्या लागल्या, दोऱ्या भिंतीवरच्या दोन खुंट्यांना बांधून झाल्या.

"आता तुला उठायलाही नको," तो बायकोला म्हणाला. त्याला वाटलं, आपण केवढं सुख दिलं.

पुढच्या सुट्टीला ती अंथरुणात पडून भिंतीपलीकडचा कप्प्यांचा किरकिराट ऐकत होती. मग ताईंचं हसणं. मग शटर. तिच्या पोटात असं काही पेटलं की नवरा एखाद्या सुंदर बाईबरोबर पळून गेला असता तरी इतकं पेटलं नसतं. त्या बाईनं निदान टोक तरी मागितलं नसतं.

दोन आठवडे ती धुमसली. मग एका दुपारी नवरा कंपनीच्या गाडीतून कामावर गेल्यावर तिनं ठरवलं, कप्प्या उतरवायच्या आणि आपले पट्टे परत लावायचे. पट्टे काखेत मारून ती गॅरेजात शिरली. दोन्ही दोऱ्या आळीपाळीनं, थोड्या थोड्या सोडायच्या असतात, हे तिला कोण सांगणार? या कामातून तिला काढून टाकलं होतं ना. तिनं पुढची दोरी सोडली, सगळीच.

बोटीनं नाक खाली केलं आणि थेट गाडीच्या काचेकडे निघाली. तिनं दोरीला जीव खाऊन मिठी मारली. काचेपासून वीतभरावर बोट थांबली. आता सोडावं तर काच जाणार, खुंटीला बांधावं तर खुंटी हाताला येत नव्हती. ती तशीच उभी राहिली, दोरीला लोंबकळत.

धुतलेली लाइफ जॅकेटं ठेवायला म्हणून ताई आल्या.

"काय चाललंय?"

"बोट पुसतेय."

"अशी? उलटी टांगून?"

"ताई, हात भरून आलेत."

ताईंनी जॅकेटं फेकली, बॉनेटला पोट टेकून बोटीचं नाक दोन्ही हातांनी वर धरलं. "घेतलं," त्या म्हणाल्या. "आता तू दोरी बांध."

बोट परत सरळ होईपर्यंत दोघी घामाघूम. ताईंची नजर जमिनीवर पडलेल्या पट्ट्यांवर गेली. नर्सच ती, बघून ओळखलं.

"कप्प्या काढायच्या होत्या तुला."

बायकोनं पट्टे उचलून झटकले.

"बाळ्याच्या पाठीला काही झालेलं नाही," ताई गाडीच्या काचेकडे बघत म्हणाल्या. "घरचं कपाटसुद्धा मी एकटी सरकवते. अन् इथं यावं तर तुमचं सकाळी सकाळी घेतलं का, घेतलं, सोडू का, सोडा. मला बघवत नव्हतं ते."

"म्हणून कप्प्या?"

"म्हणून कप्प्या."

बायकोला एकदम हलकं वाटलं, आणि त्याचा तिला जरा रागही आला. जळायचा हक्क इतके दिवस आपल्या एकटीचा होता, त्यातही ही वाटेकरी निघाली.

"सीट तुमची," ती म्हणाली. "टोक माझं."

"आणि मी नुसती बघू?"

बायकोनं बराच विचार केला. "मधे धरा. पण मधल्यानं बोलायचं नाही."

पुढच्या सुट्टीला छताला परत पट्टे लागले होते. आपल्या कप्प्या गेल्या म्हणून लिफ्टवाला तोंड पाडून मागच्या टोकाला उभा राहिला.

"घेतलं?"

"घेतलं," बायको म्हणाली.

"घेतलं," मधून ताई म्हणाल्या.

बायकोनं बोटीवरून मान वळवून असं पाहिलं की ताईंनी ओठ घट्ट मिटले. नवरा मागून विचारत राहिला, "सोडू का? अहो बायकांनो, सोडू का?"

"थांबा," बायको म्हणाली. "मी सांगेन तेव्हा."

आणि लगेच काही सांगितलं नाही.