फक्त बघण्याचा अधिकार

नियमाच्या आडून मी एका मुलीची वाट तीन वर्षे अडवली. तीन वर्षे हे मी कुणाला सांगितले नव्हते.

आधी माझी अडवली गेली होती. पुण्यात, खराडीच्या ऑफिसात, भरल्या मीटिंगमध्ये. कंपनीचे सगळे काम क्लाउडवर मीच चढवलेले. नवे विभागप्रमुख आले, सदाशिव पेठेतले. कुणाला किती परवानगी, ही यादी त्यांनी पडद्यावर लावली. स्वतःच्या नावापुढे सगळे अधिकार. माझ्यापुढे: फक्त बघणे.

"अहो, ही सिस्टिम मी उभी केली आहे."

"गवंड्याला आपण घराची किल्ली देतो का? आपण बघावं. हात लावू नये. घरी शिकवलं असेलच."

खोली हसली. धायरीच्या विहिरीवर माझ्या आजोबांना हेच शिकवले गेले होते. मीही हसलो. ते हसू अजून जाळते.

पुढे परवानग्या नेमून देण्याचे कंटाळवाणे काम त्यांनीच माझ्या गळ्यात घातले. वैशाली वाशिमहून आलेली, माझ्या हाताखाली. नियम सांगतो, कामाला लागेल तेवढाच अधिकार द्या. मी तिला त्याहून कमी दिला. बारीकसारीक बदलासाठी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायची. "सर, एवढ्यासाठी पण तुम्हालाच विचारू का हो?" तिचे ते उभे राहणे मला आवडायचे. लिहिताना लाज वाटते, पण आवडायचे.

गेल्या वर्षी तिची बढती अडली. शेरा होता: स्वतंत्रपणे काम करू शकत नाही. खाली माझी सही. यंदा तोच शेरा सहीसाठी पुन्हा आला. मी पेन खाली ठेवले.

परवानग्यांची तिमाही फेरतपासणी होती. सगळे न वाचता 'चालू ठेवा' दाबतात. मी ओळ न् ओळ वाचली आणि मीटिंगमध्ये नवी यादी पडद्यावर लावली. प्रमुखांच्या नावापुढे: फक्त बघणे.

"हा काय विनोद?"

"नियम आहे, साहेब. वर्षभरात आपण अहवालांपलीकडे काही उघडलेलं नाही. सुरक्षा विभागाची मंजुरी कालच आली."

"महागात पडेल तुम्हाला."

"पडू द्या. मी या खुर्चीत असेपर्यंत ते अधिकार परत मिळणार नाहीत."

कुणी हसले नाही. ती शांतता मला गोड लागली, आणि त्याची मी क्षमा मागणार नाही.

क्षमा दुसरीकडे मागायची होती. मी उभा राहिलो आणि मीटिंगमध्येच बसलेल्या वैशालीकडे वळलो.

"वैशाली, तू स्वतंत्रपणे काम करू शकली नाहीस, कारण मी करू दिलं नाही. जाणूनबुजून. गेल्या वर्षी मी सही केलेला शेरा खोटा होता, तसं मी आज लेखी दिलं आहे. मला माफ कर."