बेटावरच्या रेडिओमावशी

शैलामावशींना काहीही विचारलं तरी उत्तर लगेच यायचं नाही. चहा घेणार का, एवढंच विचारलं तरी त्या श्वासभर थांबायच्या आणि मग बोलायच्या. नव्या माणसाला वाटायचं, आपण काहीतरी विचारू नये ते विचारलं. पण ती सवय रेडिओची होती. "बटण दाबायच्या आधी ऐकायचं," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. "आधीच कोणी बोलत असलं आणि तू मध्ये बोललीस, तर दोघांचंही कोणाला कळत नाही. नुसती खरखर." विमानांच्या रेडिओवर हे अगदी खरं आहे. पुढे माझ्या लक्षात आलं, की मावशींनी हा नियम स्वयंपाकघरात, दुकानात आणि फोनवरसुद्धा लावून टाकला होता.

मावशींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात जी बेटं विखुरली आहेत, त्यांतल्या एका लहानशा बेटावर त्या राहायच्या. बेटाचं नाव सांगत नाही, कारण तिथे माणसं इतकी थोडी, की नाव सांगितलं तर सगळ्यांचीच नावं सांगितल्यासारखं होईल. बेटावर गवताची एक धावपट्टी होती, तिच्या कडेला एक लाकडी खोली, छपरावर अँटेना आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा. विमानांना हवामानाची आणि आजूबाजूच्या विमानांची माहिती देणारं मोठं केंद्र दूर मुख्य भूमीवर होतं. विमान डोंगरांच्या मागे खाली उतरलं की त्या केंद्राचा आवाज तुटायचा. मग समुद्रावरच्या शेवटच्या टप्प्यात वैमानिकाला ऐकू येणारा आवाज एकच, मावशींचा. सगळे वैमानिक त्यांना 'मिसेस के' म्हणायचे.

मी तेव्हा ब्रिस्टलला विमानांच्या पंखांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीत होते. कंपनीने दोन-तीन वर्षांसाठी ग्लासगोजवळच्या ऑफिसला पाठवलं, तिथल्या क्लबात मी छोटं विमान चालवायला शिकले आणि लायसन्स मिळाल्यावर एका शनिवारी हौसेने त्या बेटाकडे निघाले. समुद्रावर आले आणि रेडिओवर काय बोलायचं ते सगळं विसरले. आपण कोण, कुठे आहोत, किती उंचीवर, काय करायचंय, एवढंच सांगायचं असतं. मी उंची आधी सांगितली, मग माफी मागितली, मग नाव सांगितलं. पलीकडून एक बारीक, सावकाश आवाज आला. त्याने माझंच बोलणं नीट क्रमाने लावून मला परत सांगितलं आणि विचारलं, बरोबर आहे का? मग वारा कुठून आहे ते सांगितलं, आणि धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला मेंढ्या आहेत तेही.

उतरून त्या लाकडी खोलीत गेले तर आत लोकरी कार्डिगन आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेल्या, पिकल्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्या मराठीत म्हणाल्या, "पुण्याची ना तू? तुझ्या 'थ्री'च्या उच्चारावरून कळलं." मी दारातच उभी राहिले. तेवढ्यात दुसरं विमान बोलायला लागलं, म्हणून त्यांनी हातानेच मला खुर्ची दाखवली. तेव्हापासून त्या माझ्या शैलामावशी झाल्या आणि महिन्यातून एखादा रविवार मी बेटावर काढू लागले.

मावशींचे यजमान डॉक्टर होते. बेटाला डॉक्टर मिळत नव्हता म्हणून दोघं तिथे आली, दोन वर्षांसाठी, आणि राहिली ती राहिलीच. मावशी त्यांना नावाने नाही, 'डॉक्टर' असंच म्हणायच्या. एका हिवाळ्यात एक बाळंतीण अडली. तिला मुख्य भूमीवरच्या हॉस्पिटलात न्यायला विमान येणार होतं आणि रेडिओवर बसणारा माणूस स्वतःच तापाने पडला होता. डॉक्टर पेशंटला सोडू शकत नव्हते. त्यांनी मावशींना सांगितलं, "तू फक्त खिडकीतून दिसतंय ते सांग." मावशींनी तसंच केलं. ढग कुठे आहेत, मोजा किती ताठ आहे, धावपट्टीवर पाणी कुठे साचलंय. विमान आलं, बाईला घेऊन गेलं, बाळ सुखरूप झालं. त्यानंतर मावशींनी रीतसर परीक्षा दिली आणि ती खुर्ची त्यांची झाली. डॉक्टर गेल्यावर सगळ्यांना वाटलं, त्या आता मुलीकडे जातील. त्या गेल्या नाहीत. विमानं यायची थांबली नव्हती, एवढंच त्यांचं कारण होतं.

त्यांची दुसरी सवय जास्त अवघड होती. त्या सल्ला देत नसत. असल्या छोट्या ठिकाणच्या रेडिओवर बसणाऱ्याला विमानाला हुकूम करायचा अधिकार नसतो. ये, जा, उतर, थांब, असं म्हणता येत नाही. वारा सांगायचा, जमीन सांगायची, बाकीचं वैमानिकाने ठरवायचं. हेही मावशींनी घरात आणलं होतं. ऑफिसची मुदत संपत आली तेव्हा पुण्याला परत जावं की इथेच राहावं, म्हणून मी अख्खी दुपार त्यांच्यासमोर घोळ घातला. त्या बटाटे सोलत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुझी आई मागच्या वेळी फोनवर दोनदा खोकली. तू इथे असलीस की तुझा आवाज मोकळा असतो. हे मला दिसतंय. ठरवायचं तू." मला तेव्हा रागच आला होता. कोणीतरी सरळ सांगावं, असं मला हवं होतं. शेवटी मी ग्लासगोलाच राहिले.

एकदाच त्यांनी सरळ सांगितलं.

ऑक्टोबरचा दिवस होता. सकाळी आकाश स्वच्छ होतं आणि मावशींसाठी ग्लासगोच्या दुकानातून आणलेली तूरडाळ, गोडा मसाला आणि कढीपत्ता मागच्या सीटवर ठेवून मी निघाले. डोंगर ओलांडेपर्यंत ढग खाली आले होते. मी त्यांच्याखालून समुद्रावर आले. समोर बेटाची काळपट रेघ दिसत होती, दहा-बारा मिनिटांवर. मी मावशींना हाक दिली. त्यांनी वारा सांगितला. थोड्या वेळाने पुन्हा सांगितला, तो वाढला होता. मग त्यांनी सांगितलं, की पश्चिमेचा दीपस्तंभ आता दिसत नाहीये. मी म्हटलं, मला बेट दिसतंय, मी येते. मला खरोखर दिसत होतं. इतक्या जवळ आल्यावर परत फिरायचं कुणाच्याही जिवावर येतं.

रेडिओ गप्प झाला. मग त्याच सावकाश आवाजात, त्या फ्रीक्वेन्सीवर याआधी कधी कोणी बोललं नसेल अशा भाषेत, त्या म्हणाल्या, "अनघा, मागे फिर. आत्ता."

मी वळले. का, ते विचारलं नाही. अर्धी वळले असेन, तेवढ्यात बेटाची रेघ पुसल्यासारखी गेली आणि तिच्या जागी राखाडी भिंत उभी राहिली. ती भिंत माझ्यामागे येत होती. मी किनाऱ्यालगत खाली उतरून दरीतल्या एका गवताळ धावपट्टीवर कसंबसं विमान टेकवलं. इंजिन बंद केलं. तिथे कोणी नव्हतं. मोबाइलला सिग्नल नव्हता. चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे रेडिओवर मावशींना दिलेली हाक कुठेच पोचत नव्हती. त्यांना एवढंच माहीत होतं, की मी वळले आणि मग आवाज बंद झाला.

मी हाका देत राहिले. बऱ्याच वेळाने, ढगांच्या खूप वरून जाणाऱ्या एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने माझं बोलणं पकडलं. तो उंचावर होता, त्याला आम्ही दोघीही ऐकू येत होतो. मी सुखरूप उतरलेय, हे त्याने मावशींना कळवलं. नंतर तो पुन्हा माझ्याशी बोलला, आणि त्याच्या आवाजात थोडा गोंधळ होता. म्हणाला, तुमचं स्टेशन विचारतंय, तुमच्याजवळ खायला काही आहे का? मी मागच्या सीटवरच्या तूरडाळीकडे पाहिलं आणि हो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बेटावर पोचले तेव्हा वाटलं होतं, मावशी रागावतील किंवा जवळ घेतील. त्यांनी यांतलं काही केलं नाही. मुख्य केंद्राला त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं होतं, की आपण एका वैमानिकाला काय करायचं ते सांगितलं, आणि तेही इंग्रजी सोडून. तिथल्या अधिकाऱ्याने ते हसण्यावारी नेलं, पण मावशींनी नेलं नाही. "तो स्टेशनचा आवाज नव्हता," त्या मला म्हणाल्या. "तो माझा होता. स्टेशनवर बसून माझा आवाज वापरायचा नसतो." मग वरणाला फोडणी देताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा वापरीन." त्या संध्याकाळी आम्ही वरणभात खाल्ला आणि या विषयावर परत कधी बोललो नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांनी खुर्ची सोडली. एका वैमानिकाने पन्नास मिनिटांत पोचतो म्हणून कळवलं आणि मावशींनी पंधरा ऐकलं. इंग्रजीत ते दोन आकडे सारखेच वाजतात. विमान वेळेवर आलं नाही म्हणून त्यांनी शोध सुरू करायला लावला, लाइफबोटीवरची माणसं धावत धक्क्यावर आली, आणि तेवढ्यात तो वैमानिक निवांत येऊन उतरला. कोणाचं काही बिघडलं नाही. सगळे म्हणाले, रेडिओ खरखरला असेल, कोणाचंही असं होतं. मावशींनी मात्र मुख्य भूमीवर जाऊन कान तपासून घेतले आणि परत येऊन राजीनामा दिला. मी फोनवर त्यांची समजूत घालायला गेले. त्या म्हणाल्या, "एक चूक कळली, अनघा. न कळलेल्या किती असतील?"

बेटावरच्या शाळेतल्या मेरीबाईंना त्यांनी हिवाळाभर शिकवलं आणि खुर्ची त्यांच्या हवाली केली. वसंतात मुलीकडे, लंडनमधल्या स्टॅनमोरला जायचं ठरलं. मुलगी नंदिनी बेटावरच वाढलेली, तिचं मराठी मोडकं. ती मला फोनवर म्हणाली, "आई एवढी वर्षं तिकडे एकटा राहिला. यू नो, मला खूप गिल्टी वाटतो." मी ग्लासगोपर्यंत त्यांना विमानाने आणते म्हटलं. पुढे ट्रेन होती.

निघताना त्यांच्या हातात एकच बॅग होती. विमानात चढताना त्यांना पाय कुठे ठेवायचा ते कळेना, तेव्हा मला समजलं, की त्या अशा छोट्या विमानात कधी बसल्याच नव्हत्या. डॉक्टरांनी किती वेळा आग्रह केला होता म्हणे. "विमान निघायचं म्हणजे मी रेडिओवर," त्या म्हणाल्या. "मी आत बसले तर खाली कोण?" जायचं-यायचं ते बोटीनेच.

आवाज पूर्ण वाढवून मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. मेरीबाईंनी वारा सांगितला, आम्ही उडालो आणि बेटावरून एक फेरी मारली. मावशी काचेला कपाळ टेकवून खाली बघत होत्या. दवाखाना, शाळा, धक्का, ती लाकडी खोली. "एवढंसंच आहे होय," त्या म्हणाल्या.

समुद्रावर बरंच पुढे आल्यावर बेटाची फ्रीक्वेन्सी सोडून मोठ्या केंद्राच्या फ्रीक्वेन्सीवर जायची वेळ आली. मी विचारलं, तुम्ही सांगता का? त्यांनी मानेनेच हो म्हटलं. मी बटण दाखवलं. त्यांनी विमानाचं नाव सांगितलं, जागा सांगितली, उंची सांगितली, आणि आम्ही ही फ्रीक्वेन्सी सोडतो आहोत असं अगदी सावकाश, नेहमीसारखं सांगितलं. पलीकडून मेरीबाई बोलल्या.

मावशींनी हेडफोन हाताने दाबून धरला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाली ती?"

"तुमचा आवाज स्वच्छ ऐकू येतोय, म्हणाल्या."

त्यांनी मान डोलावली, आणि बेट दिसेनासं होईपर्यंत मागे वळून बघत राहिल्या.