कोळीवाड्याचा सोमवार

निवृत्त होऊन डोंबिवलीत घरी बसले, तरी सोमवार उजाडला की मला खाडीकाठचा तो कोळीवाडा आठवतो. तिथे मी नर्स होते.

आधी आमचा तपासणीचा दिवस बुधवार होता. ठाण्याच्या ऑफिसात बसून कुणीतरी ठरवलेला. मी मोहन्याच्या आरोग्य केंद्रातून रिक्षाने जायचे, समाजमंदिरात वजनकाटा मांडायचे आणि गरोदर बायांची वाट बघत माश्या मारत बसायचे. चिटपाखरू फिरकायचं नाही. माझा स्वभाव आधीच तापट. या बायांना पोराबाळांची पर्वाच नाही, असं मी खुशाल बोलून दाखवायचे.

मग वरून आदेश आला, गावाला विचारून तपासणीचा आराखडा करा. मी कागद घेऊन कोळीवाड्यातल्या बैठकीला गेले. तिथे एक सून बसली होती, सातवा महिना, पहिलं बाळ जन्मताच गेलेलं. तीन बुधवार तिने दांडी मारली होती. मी चारचौघांत तिला झापलं, "पहिलं गेलं तरी अक्कल आली नाही का गं?" ती मान खाली घालून रडायला लागली.

तिची सासू शांतपणे म्हणाली, "बाय, बुधवारी तुमच्या घरी काय रांधतात?"

"मासे," मी म्हटलं.

"मंग तो म्हावरा इकायला कोन बसतंय? सोमवारी या. सोमवारी कोन खात नाय, आमी घरीच."

सगळ्या हसल्या. मी कल्याणच्या बाजारातून दर बुधवारी संध्याकाळी पापलेट घेऊन जाणारी बाई. मी कागदावरचा बुधवार खोडून सोमवार लिहिला.

ठाण्याला दोन खेपा घालून मी दिवस बदलून आणला. काय ते सोमवार होते! समाजमंदिर भरून जायचं, बाया माझी थट्टा करायच्या, निघताना पिशवीत सुकट कोंबायच्या. तेवढं प्रेम मला पुढे कुठल्याच गावात मिळालं नाही.

पहिल्याच सोमवारी ती सून सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. पाय सुजलेले, ब्लडप्रेशर भलतंच चढलेलं. तशीच गाडीत घालून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. जेमतेम वजनाची, पण जगली.

त्या बैठकीत सासू गप्प बसली असती, तर हेही बाळ गेलं असतं. आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं असतं, आई तपासणीला आली नाही.