सिस्टरबाईंची ओटी

माझ्या आईला एका ननने पळवलं, असं मी काही महिने नवऱ्याला रोज ऐकवत होते. तो हसायचा. पंचावन्न वर्षांच्या बाईने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईवरून रुसून बसावं हे सगळ्या देवासमध्ये पहिल्यांदाच घडतंय, म्हणायचा. त्याला हसायला काय जातं? त्याची आई शेवटपर्यंत त्याचीच होती.

सिस्टर आमच्या घरी पहिल्यांदा आली ती हातात पाण्याची बाटली घेऊन. कारखान्यांच्या मागून निघणारा नाला आमच्या कॉलनीला लागून वाहतो. त्याचं पाणी कधी जांभळं, कधी काळं. मंगळवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायची जनसुनवाई असते, तिथे हे पाणी दाखवायला चला, म्हणून ती दारोदार बायका गोळा करत होती. मूळची केरळची, इकडे येऊन तीस वर्षं झालेली. फिकट सुती साडी, गळ्यात लहानसा क्रूस, पायांत प्लास्टिकच्या चपला. मला बँकेत जायची घाई होती. मी दार लोटणार तोच आई आतून आली आणि म्हणाली, बसा सिस्टरबाई, पाणी घ्या. माझ्याबरोबर लग्नाला चल म्हटलं की गुडघे दुखतात म्हणणारी माझी आई त्या मंगळवारी काळ्या पाण्याची बाटली मांडीवर धरून रिक्षाने कचेरीत गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सिस्टर, आई आणि बाटली. आईने तो कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. मला मॅनेजर केलं तेव्हाचा फोटो तिने कुठे ठेवलाय, हे मी विचारलं नाही. उत्तर सोसलं नसतं.

मग ती दर गुरुवारी येऊ लागली. हिंदी तिला येत होतीच, माळवी तर माझ्यापेक्षा चांगली. आता तिला माईंची मराठी शिकायची होती. आईला ती माई म्हणायची. माझी मुलं हिंदी शाळेत शिकलेली, त्यांचं आजीशी बोलणं 'हाँ आजी, नहीं आजी' यापुढे कधी गेलं नाही, आणि ही कुठली कोण बाई आईसमोर मांडी घालून वही उघडून बसायची. आमच्या घरची मराठी देवासच्या मराठा दरबाराबरोबर इकडे आली आणि आली तशीच राहिली. त्यामुळे सिस्टर थोड्याच दिवसांत 'आपली प्रकृती कशी आहे, ताईसाहेब?' असं मला विचारू लागली. आई कौतुकाने बघत राहायची. मला अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते त्या गुरुवारांनी शिकवलं.

पण खरं दुखणं गव्हाचं होतं. हाटपिपल्याकडची आमची जमीन माझ्या लहानपणीच विकली गेली. तिथला जुना माळवी गहू आईने मात्र सोडला नाही. हा गहू पाण्याशिवाय, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येतो. आई दर वर्षी दिवाळीनंतर परसातल्या दोन वाफ्यांत तो पेरायची, आणि निघालेलं बी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. त्या डब्याला मी हात लावायचा नाही, असा नियम होता. पाळीतल्या बाईचा हात बियाला लागू नये म्हणतात, आणि आई म्हणायची, रोज विचारत बसण्यापेक्षा तू लावूच नकोस. माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली तरी नियम उठला नव्हता. एका गुरुवारी मी बँकेतून लवकर आले, तर डबा उघडा, आणि सिस्टरचा हात कोपरापर्यंत गव्हात. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी आईने सांगितलं, हे सगळं बी सिस्टरबाईंकडे द्यायचं ठरलंय. धरमपुरीच्या बाजूला एका गावातल्या बायका तिच्याबरोबर काम करत होत्या. मजुरी बुडवणाऱ्यांशी भांडून हक्काची मजुरी मिळवलेल्या त्या बायकांना आता माळाच्या तुकड्यांवर, मोटर नसताना, काहीतरी पिकवायचं होतं. बाजारचं बी पाणी मागतं. हे मागत नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी त्या इकडे येणार होत्या. मी विचारलं, सगळंच? आई म्हणाली, मी आता किती वर्षं वाकणार आहे? वाकायला मी होते, हे तिच्या मनातही आलं नाही. मीही कधी त्या वाफ्यांत पाऊल टाकलं नव्हतं.

पुढे जे केलं ते मी शुद्धीत केलं. दिवाळीच्या आधी आई डोळे तपासायला गेली होती, तेव्हा मी डबा पिशवीत रिकामा केला, गहू चाळून राख काढली आणि चक्कीवर गेले. चक्कीवाल्याने मूठभर गहू हातावर घेऊन पाहिले.

"बेन, यो तो बीज को गेहूँ दिखे. पीसूँ कई?"

"पीसो," मी म्हटलं.

डब्यात मी दुकानातले गहू भरले, तीच राख मिसळली, वर कडुलिंबाचा पाला घातला. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला काय दिसणार होतं? त्या रात्री जेवताना ती म्हणाली, आज पोळी फार गोड लागतेय गं, अजून अर्धी वाढ. मी वाढली.

रविवारी जीपमधून सहा बायका उतरल्या, नव्या साड्या नेसून. त्यांच्याबरोबर सिस्टर. आईने ओसरीवर सतरंजी अंथरून ठेवली होती, नारळ आणि खण मांडले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, जा, चांगलं लुगडं नेसून ये. मी विचारलं कशाला.

"बी असं पिशवीत ओतून देतात का? ओटीत घालून द्यायचं. मी विधवा, मला चालायचं नाही. तुझ्या हातून द्यायचं म्हणून तर यांना इथवर बोलावलं. सिस्टरबाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलंय, आमची ताई देईल."

मी साडी बदलून आले. आईने डबा ताटात ओतला आणि पाला बाजूला करताना सवयीने एक दाणा दाताखाली धरला. मग दुसरा. माझ्याकडे न बघता तिने हळूच विचारलं, बियाचे गहू कुठे आहेत? खोटं तयार होतं: टोके लागले, टाकून दिले. पण त्या सहा जणी पदर पसरून बसल्या होत्या, आणि हे गहू त्या माळावर नेऊन पेरणार होत्या.

"मी दळून आणले," मी म्हटलं. "मुद्दाम."

सिस्टरने बायकांना माळवीत समजावलं, हे पेरायचे नाहीत, खायचे आहेत. बी या वर्षी होऊ शकलं नाही. माझं नाव तिने घेतलं नाही. तो चांगुलपणा मला थोबाडीत मारल्यासारखा लागला. मग ती मला म्हणाली, ओटी भरा ताईसाहेब, लांबून आल्या आहेत. मी भरली. प्रत्येकीला हळदकुंकू, खण, नारळ आणि गव्हाच्या पाच ओंजळी. प्रत्येकीने पदर कपाळाला लावला. एक म्हातारी तर माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरलं.

शेवटी सिस्टर स्वतः पुढे आली, जरा लाजत. कुमारिका आहे, भर, आई म्हणाली. सिस्टरने फिकट साडीचा पदर दोन्ही हातांत धरला, माईंनी शिकवला होता अगदी तसा. म्हणाली, माझी कुणी कधी भरली नाही.

मी एक ओंजळ घातली. दोन, तीन, चार. आणि हात थांबला. खरंच सांगते, तेवढं सगळं होऊनही मला तिला पाचवी द्यावीशी वाटली नाही. तिला काय कळणार होतं? ती तशीच उभी होती, मला वाटतं तिला पाच ठाऊक होत्या.

आई उठली. वडील गेल्यापासून अकरा वर्षांत तिने कुणाचीच ओटी भरली नव्हती. मी दर चैत्रात मागायचे, रडूनसुद्धा मागितली होती, तरी ती हात मागे घ्यायची. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, ताटातले गहू दोन्ही हातांनी उचलले आणि पाचवी ओंजळ सिस्टरच्या पदरात घातली. ताट मीच उचलून धरलं होतं.