समुद्राची ओटी

"मावशी, ती पावलं पुसून टाका. पाहुणे उठायच्या आत."

बाई व्हरांड्यातून म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्या घरात कुणीच आवाज चढवत नाही. समोर समुद्र, एवढा मोठा बंगला, पण फाटकावर नावाची पाटी नाही. साहेबांचा चाकणला कारखाना, राहायला निगडीत. तिथं मी त्यांचा स्वयंपाक करायचे. समुद्रावर मला पहिल्यांदाच आणलं होतं.

आल्या आल्या सांगितलं, कामाशिवाय समोरच्या बाजूला यायचं नाही. स्वयंपाकघर मागं. दोन दिवस समुद्र नुसता ऐकला. चहा द्यायला व्हरांड्यात गेले की तेवढा दिसायचा. साहेब विटका सदरा घालून तासन्तास पाण्याकडं बघत बसलेले. पाहुणे हळू बोलायचे, दोन घास खायचे, उरलेलं तसंच ठेवायचे.

मी लातूरकडची. आमच्याकडं नवं पाणी दिसलं की बायका ओटी भरतात. एवढं मोठं पाणी, आणि मी कोरडीच परत जाऊ? घरनंच मूठभर तांदूळ, सुपारी, हळदकुंकू पदराला बांधून आणलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपलेले बघून वाळूवर उतरले. ओटी वाहिली, हात जोडले. नवऱ्याचं काँट्रॅक्ट टिकू दे म्हणाले. तो साहेबांच्याच कारखान्यात होता.

माळी रोज वाळू सारखी करून ठेवायचा. तिच्यावर माझी पावलं उमटली होती.

बाईंनी खराटा दिला. मी पाण्यापासून मागं मागं सरकत, वाकून, माझीच पावलं पुसत आले. रडू आलं नाही. रागसुद्धा नाही.

पोहे वाढताना बाई पाहुण्यांना हसून म्हणाल्या, "आमच्या मावशी फार श्रद्धाळू आहेत हं. समुद्राची पूजा केली आज."

एकीनं विचारलं, "काय मागितलंत?"

"काही नाही," म्हणाले. सगळे गोड हसले. तिथं आत काहीतरी फाटलं.

निगडीला आल्यावर पुढच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, शनिवारी परत समुद्रावर जायचंय. घरी नवऱ्याला सांगितलं, मी नाही जाणार.

"अगं, डोकं फिरलं का तुझं? आपलं पोट त्यांच्या हातात हाय. कशाला वाकड्यात शिरतीस?"

तो चुकीचं बोलत नव्हता. रात्रभर मला भीती वाटली. सकाळी निगडीत जाऊन बाईंसमोर उभी राहिले.

"मी येणार नाही. इथलं कामही सोडते."

"एवढ्याशा गोष्टीवरून? नवऱ्याचा तरी विचार करा मावशी." तसाच हळू आवाज.

"केला."

महिन्याभरात त्याचं काँट्रॅक्ट संपवलं. कारण कुणी सांगितलं नाही. आता तो तळेगावला हेल्पर आहे, पगार कमी. मी एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. खरंय त्याचं, भोगलं त्यानं. मी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही. बाईंनी उद्या परत बोलावलं, दुप्पट पगार दिला, तरी माझं उत्तर नाहीच.