जिम्याचे थांबे

तार मुर्तिजापूरहून आली होती. त्या दिवशी अमरावतीला आमच्या शाळेत तपासणीचा दुसरा दिवस होता. नववीच्या वर्गात मी फळ्यापाशी उभा असताना शिपायाने ती माझ्या हातात आणून दिली. मजकूर एवढाच : गुलाबराव, मोटार काटेपूर्णेजवळ, लवकर या. तार गुलाबरावांनीच केली असं समजून दोनदा वाचली आणि माझी खात्रीच झाली की जिम्या गेला. जिम्या म्हणजे आमच्या भाऊजींचा, गुलाबरावांचा, म्हातारा कुत्रा, मागच्या दोन्ही पायांच्या सांध्यांनी अधू झालेला. लिहायला लाज वाटते, पण खरं ते सांगतो... मला क्षणभर हायसं वाटलं. सुटले बिचारे भाऊजी, असं मनात आलं. आता महिन्याच्या महिन्याला त्या कुत्र्याला अकोल्याहून अमरावतीला डॉक्टरकडे आणायला नको, दर आठ-दहा मैलांवर गाडी उभी करायला नको, लोकांचं हसू नको. तपासनीस साहेबांची रजा घेताना मी गंभीर चेहरा केला, पण आत तसं काही नव्हतं.

मिळाली ती सर्व्हिस मोटार धरून तिथे पोचलो तेव्हा दुपार झाली होती. काटेपूर्णा नदीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक मोठा निंब आहे. त्याच्या सावलीत भाऊजींची हुडाची जुनी गाडी नीट उभी होती. मागच्या चाकाला दगड लावलेला. मागच्या बाजूला आपल्या बिछान्यावर जिम्या बसलेला, चांगला जिवंत, आणि त्याच्या तोंडाशी पितळी वाडग्यात पाणी. मी म्हटलं, चला, कुत्रा तर ठीक आहे. मग निंबाच्या बुंध्याशी जमलेली माणसं बाजूला झाली आणि त्यांच्या मधे धोतर पांघरलेलं कोणीतरी मला दिसलं. पायातला जोडा मी ओळखला. भाऊजींच्या खिशात मी ताईसाठी दिलेलं पैशांचं पाकीट होतं आणि त्यावरचा माझा शाळेचा पत्ता पाहून कोणीतरी सायकलवर मुर्तिजापूरला जाऊन तार केली होती. आज या गोष्टीला पाच आठवडे झाले. अजून मला वाटतं की ती तार मी चुकीची वाचली, पुन्हा वाचली तर बरोबर वाचता येईल.

गुलाबराव माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. अकोल्यात मोर्णेच्या काठाला त्यांचा मळा. वांगी, मेथी, कोथिंबीर, आणि सणासुदीला झेंडू-शेवंती. माणूस अंगाने उभा-आडवा, आवाज असा की मळ्याच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचे बैल कान टवकारत. मी दोन वर्षं पुण्यात शिकून आलो तेव्हापासून त्यांनी माझं नाव टाकलं आणि मला 'मास्तर' म्हणू लागले. "मास्तर, तुयं बोलणं आयकलं की मले पाय धुवून बसावं वाटते," असं चार माणसांत म्हणायचे. मला राग यायचा, आणि त्यांना तो यावा असंच वाटायचं.

जिम्या त्यांच्याकडे कसा आला ती कथा मळ्यावर सगळ्यांना पाठ आहे. कॅम्पातल्या एका गोऱ्या इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर त्यांची भाजी जायची. साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला. कुत्रा म्हातारा, त्याच्या मागच्या सांध्यांत सूज. या साहेब लोकांची रीत अशी की निघताना अशा कुत्र्याला गोळी घालायची. भाऊजींनी बंदूक पाहिली आणि वांग्यांची टोपली तिथेच ठेवून म्हणाले, "मले द्या साहेब. बुढ्ढा झाला म्हून का गोळी घालाची? असं आमी करू लागलो तं आमच्या घरी कोणीच वाचणार नाई." साहेबाने दिला. पण जिम्या साहेबाच्या मोटारीत मागच्या सीटवर बसलेला, तो खाली उतरेना. ओढलं की कळवळायचा. शेवटी साहेबाने विकायला काढलेली ती मोटारही भाऊजींनी घेतली. लोक विचारत, मोटारीसोबत कुत्रा आला काय हो? भाऊजी म्हणत, "नाई बापा, कुत्र्यासोबत मोटार आली."

अमरावतीला एक वयस्कर डॉक्टर आहेत, उभा जन्म पलटणीतल्या घोड्यांचे पाय पाहण्यात गेलेला. त्यांनी जिम्याला तपासून सांगितलं की हे बरं होणार नाही, पण दुखणं कमी ठेवता येईल. महिन्यातून एकदा आणा. आणि आणायचं कसं ते शिकवलं. भाऊजींना वाचता जेमतेम यायचं, पण त्यांनी शब्द न शब्द मनात ठेवला. पुढच्या आणि मागच्या सीटमधली खोलगट जागा त्यांनी फळी टाकून सारखी केली. त्यावर सरकीचं पोतं, अंगाखाली बसून आकार घेईल इतकं सैल भरलेलं, आणि वर ताईच्या हातची गोधडी. वळणावर कुत्रा फेकला जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना कापसाचे लोड. चढायला-उतरायला एक लांब फळी, तिच्यावर तरट ठोकलेलं, म्हणजे नखं घसरत नाहीत. चढताना पोटाखालून जुन्या धोतराचा पट्टा घालून मागचा भाग ते स्वतः तोलून धरत. निघण्याआधी पोटभर खाऊ घालायचं नाही. गरम एरंडेल चोळायचं, आणि तव्यावर शेकलेल्या सरकीची पुरचुंडी सांध्यांवर धरायची. जाऊन-येऊन एका दिवसात करायचं नाही, रात्र डॉक्टरांच्या पडवीत काढायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे आठ-दहा मैलांवर थांबा. एका जागी पडून सांधे आखडतात, म्हणून उतरवायचं, चार पावलं चालवायचं, पाणी दाखवायचं. बोरगाव, मग हा निंब, मग मुर्तिजापूर, असे बडनेऱ्यापर्यंत त्यांचे थांबे ठरलेले. गाडी थोडीही हलू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी चाकाला दगड. तो दगडही घरचा, सीटखाली ठेवलेला.

लढाईचे दिवस. पेट्रोल कुपनावर मिळतं, आणि हा माणूस ते कुत्र्यासाठी जाळतो म्हणून अकोल्याच्या बाजारात टिंगल व्हायची. मी त्या टिंगलीत सामील होतो हे कबूल करतो. सुटीला मी ताईकडे जाई आणि परतताना बहुधा त्यांच्याच गाडीने येई. गाडी फुकट हवी, पण थांबे नको, असा माझा न्याय. वर्तमानपत्र उघडून मी पुढे बसून राही आणि मधून मधून शेरे मारी. गेलं वर्षभर तर मला शेरे मारायला आयता विषय मिळाला होता. जिम्याला तो बिछाना इतका मानवला की तो वाटेत उतरेनासा झाला. भाऊजी फळी लावत, पट्टा दाखवत. हा डोकं वर करून पाही आणि पुन्हा झोपी जाई. भाऊजी त्याच्यापुढे पाणी ठेवत आणि स्वतःच झाडाखाली जाऊन बसत. मी म्हणायचो, "भाऊजी, सांधे कुणाचे आखडलेत, त्याचे की तुमचे?" ते हसायचे. "मायेच समज," म्हणायचे. मीही हसायचो...

त्याच वर्षात त्यांनी मला मोटार शिकवली. माझी अजिबात इच्छा नव्हती. "शिकून घे मास्तर. उद्या मले काई झालं तं जिम्याले अमरावतीले कोण नेईन?" मी म्हटलं, "तुम्हाला काय धाड भरली आहे?" त्यावर त्यांनी माझा हात गिअरवर ठेवला आणि विषय बदलला.

शेवटच्या खेपेला तपासणीचा पहिला दिवस होता म्हणून मी घाईत होतो. सकाळी अकोल्याहून निघालो, बोरगावला थांबलो. काटेपूर्णा ओलांडली. निंब दिसू लागला तशी गाडी हळू झाली. मी मागे वळून पाहिलं. जिम्या घोरत होता. मी म्हणालो, "भाऊजी, तो तर झोपलाय. मग थांबायचं कुणासाठी?"

त्यांनी एकदा निंबाकडे पाहिलं आणि गिअर टाकला. म्हणाले, "बरं, चाल मंग."

नंतर ते कुठेच थांबले नाहीत. मुर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. मी मनातून खूश होतो, माझ्या एका वाक्याने काम झालं म्हणून. शाळेच्या फाटकाशी त्यांनी गाडी उभी केली आणि स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात ठेवून तसेच बसून राहिले. तोंडाला घाम होता. मला वाटलं, रुसले. समजूत काढायला वेळ नव्हता. ताईला द्यायचं राहिलेलं पैशांचं पाकीट मी त्यांच्या खिशात खुपसलं, "उद्या सावकाश जा" म्हणालो आणि धावतच आत गेलो. संध्याकाळी एरवी मी डॉक्टरांकडे त्यांना भेटायला जायचो. त्या दिवशी तपासनीस साहेबांचं चहापाणी होतं, म्हणून गेलो नाही.

त्या निंबाला लागूनच एका बाईचा भाजीचा तुकडा आहे. पार्वताबाई नाव, वयाने माझ्या आईएवढी. भाऊजी तिच्या वांग्यांना नावं ठेवत आणि तिच्याच मडक्यातलं पाणी पीत. त्या दिवशी गावकऱ्यांनी भाऊजींना आणि जिम्याला उचलून दुसऱ्या मोटारीतून घरी पोचवलं होतं, गाडी तिथेच राहिली होती. दहाव्यानंतर ती आणायला मी गेलो तेव्हा तिने मला बसवलं. म्हणाली, "सकायी आले, पैले गोटा लावला, कुत्र्याले पानी ठेवलं, मंग बसले. नेमीवानीच बसले म्हून म्या काई पायलं नाई."

मी विचारलं, "नेहमीसारखं म्हणजे?"

"छातीले हात लावून. डोये मिटून. वरीस झालं ना बापा. कळ आली की बसत, गेली की उठत." मग माझ्याकडे पाहून तिचा आवाज बारीक झाला. "तुमाले ठावं नोयतं? म्या समजली घरी ठावं असन. मले म्हणत, मायबाई, कोणाले सांगजो नको. मायी बायको बापाच्या मरणानं भेदरेल हाये, तिच्या कानावर नको."

आमचे वडील जेवता जेवता पाटावरच गेले होते. तेव्हापासून घरात कोणी ठसकलं तरी ताई धावत येते. ते भाऊजींना माहीत होतं, मलाही माहीत होतं. माझ्या मात्र डोक्यात एवढंच शिरलं की ज्या थांब्याला मी कुत्र्याचे लाड म्हणत होतो, तो त्या माणसाला श्वास घेण्यापुरता मिळत होता आणि एकदा मी तो काढून घेतला. डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, त्या एका दिवसाने काही झालं असेलच असं नाही. झालं नसेलच असंही ते म्हणाले नाहीत. मी त्यांना पुन्हा विचारायला गेलेलो नाही.

परवा जिम्याची डॉक्टरांकडे जायची तारीख आली. ताई म्हणाली, "त्यांनी एक महिना चुकवला नाई, तू बी चुकवू नको." एरंडेल चोळलं, पुरचुंडी शेकली, पट्ट्याने त्याला तोलून वर चढवलं. तो किती जड आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. निंबाखाली गाडी उभी केली, दगड लावला, पाणी ठेवलं, फळी लावली. तो उतरला नाही. हनुवटी दाराच्या कडेवर ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. मी बुंध्याशी जाऊन बसलो. वर्षभर तो झोपतो असं मी समजत होतो, पण मी पुढे वर्तमानपत्रात, आणि मागे वळून पाहायचो तेव्हा गाडी चालू असायची. उभ्या गाडीत तो झोपत नव्हता. मी उठून आत येऊन बसेपर्यंत त्याने नजर काढली नाही. गाडी सुरू झाली तसं त्याने डोकं सरकीच्या पोत्यावर टाकलं आणि थोड्या वेळाने तो घोरू लागला.

ताईला छातीच्या कळांचं मी सांगितलं आहे. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मी भ्याली असती, पन सोबत तं गेली असती." निंबाजवळ मी काय बोललो ते मात्र तिला सांगितलेलं नाही. तोंड उघडतो आणि दुसरंच काहीतरी बोलतो. म्हणून हे लिहून काढलं.

ताईला वाचता येत नाही. हल्ली दिवेलागणीआधी ती मळ्यावरच्या पत्र्याच्या टपराखाली उभ्या गाडीत, मागे जिम्याजवळ जाऊन बसते, आणि मी असलो की रविवारी मला वर्तमानपत्राची पुरवणी वाचायला लावते. या रविवारीही म्हणेल, "वाच." मी पुढच्या सीटवर बसून पुरवणीऐवजी हेच लिहिलेलं पहिल्यापासून वाचीन. त्या सकाळच्या त्या एका वाक्यापाशी आलो की मला थांबावं लागेल, जिम्या झोपलेला असला तरी.